कॉम्प्युटरची पदवी आणि एकशे बत्तीसचा हिशेब

२०२४ चा पावसाळा. आजऱ्यात एकदा पाऊस लागला की तो आठ-आठ दिवस उघडत नाही, हिरण्यकेशी दुथडी भरते आणि घरातली माणसं घरातच सापडतात. अशाच एका रात्री बहिणीकडे जेवायला गेलो होतो. दस्तरखान उचलायच्या आत भाचीने एक कागद माझ्यापुढे सरकवला. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला तिचा नुकताच प्रवेश झाला होता. कॉलेज गडहिंग्लजकडचं, जाणं-येणं एसटीने. कागदावर पहिल्या सत्राचे विषय होते.

माझ्या आधी दुलाभाईंनी तो कागद उचलला. बाजारपेठेत त्यांचं काजूचं आणि किराणाचं दुकान आहे. आकड्यांशी त्यांचा रोजचा संबंध, त्यामुळे कागद वाचायची सवय चांगली. वरपासून खालपर्यंत वाचून ते म्हणाले, "हिला काँप्युटरला घातलीया न्हवं? मग यात ही भाषा कशाला? मूल्यशिक्षण कशाला? आणि हे खेळाचं काय? पैसं आपण कशाचं भरतोय?"

भाची माझ्याकडे बघत होती. मी बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, पण त्या कागदावरची निम्मी अक्षरं मलाही लागेनात. 'एईसी', 'व्हीईसी', 'आयकेएस', 'ओई'. मी म्हणालो, "दोन दिवस द्या, बघून सांगतो." दोन दिवसांचे दोन महिने झाले. माझ्यासारखे आणखी बरेच मामू, चाचा आणि अब्बा याच कोड्यात असणार, म्हणून जे कळलं ते इथे मांडतो.

पूर्वी पदवीचा हिशेब सोपा होता. तीन वर्षं, वर्षाला इतके पेपर, पास झालात की पदवी. आता तो क्रेडिटमध्ये होतो. पंधरा तासांचं वर्गातलं शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर एका क्रेडिटला तीस तास. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर असेल तर वर्गात साठ तास शिकवलं गेलं पाहिजे. एका सत्राला वीस ते बावीस क्रेडिट. वर्षाची दोन सत्रं धरली की चव्वेचाळीस, दोन वर्षांचे अठ्ठ्याऐंशी, तीन वर्षांचे एकशे बत्तीस. चौथं वर्ष केलं तर एकशे शहात्तर आणि 'ऑनर्स' पदवी. सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा रस्ताही घेता येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये क्रेडिटच्या आराखड्याचा निर्णय काढला आणि विद्यापीठांशी संलग्न साध्या महाविद्यालयांना तो २०२४-२५ पासून लागू झाला. आमची भाची नेमकी त्याच वर्षी आत शिरली.

मी हे दुलाभाईंना दुकानाच्या भाषेत सांगितलं. पोत्यावर माल मोजायचा तो आता वजनावर मोजतात. ते त्यांना पटलं. पण मूळ प्रश्न तसाच राहिला, की या वजनात खडे किती.

तर नियम असा आहे. एकूण क्रेडिटपैकी किमान निम्मे मुख्य विषयाचे, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचे असले पाहिजेत. उरलेल्यांत एक दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतून निवडायचे खुले विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, इंग्रजी आणि एक भारतीय भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांपैकी काही. पुढच्या वर्षांत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी संबंधित काम. शाखेप्रमाणे आणि विद्यापीठाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पहिल्या वर्षी मुख्य विषयाचा वाटा कमी दिसतो आणि पुढे तो वाढत जातो. त्यामुळे पहिल्या सत्राचाच कागद बघितला तर दुलाभाईंसारखा कोणाचाही गैरसमज होणार.

माझं स्वतःचं मत विचाराल तर भाषेच्या क्रेडिटबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या मुली हुशार असतात, प्रोग्राम बरोबर लिहितात, पण मुलाखतीत चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की थांबतात. घरात आपण दखनी बोलतो, शाळेत मराठी, पुस्तकं इंग्रजी. या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी मुलीचा आवाज अडकतो. तक्रार आहे ती इतकीच, की इतके सगळे तुकडे सांभाळायला लहान कॉलेजांत शिक्षक पुरेसे नसतात. खुला विषय निवडायचा म्हणतात, पण कॉलेजात दोनच उपलब्ध असतील तर निवड कसली?

भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन क्रेडिटवरून घरात जरा कुजबुज झाली. "यात काय शिकवतील कोण जाणे," असं नानी म्हणाल्या. मी गणिताचा मास्तर, म्हणून मला इथे बोलायला जागा मिळाली. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये शून्यासह हिशेब करायचे नियम लिहिले. पुढच्या शतकात भारतीय खगोल-गणिताचे ग्रंथ बगदादला पोचले आणि अरबीत उतरले. नवव्या शतकात तिथल्या बैतुल हिक्मामध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी या भारतीय अंकांनी हिशेब कसे करायचे यावर पुस्तक लिहिलं. त्याचा लॅटिन अनुवाद झाला तेव्हा लेखकाच्या नावाचं 'अल्गोरित्मी' झालं. आज कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत जो शब्द पाठ सोडत नाही, तो 'अल्गोरिदम' तिथूनच आलेला. बीजगणिताला इंग्रजीत जे 'अल्जिब्रा' म्हणतात तेही त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावातलं 'अल-जब्र'. भाचीने हे वर्गात सांगितलं, आणि सरांनी तिला पुढच्या तासाला यावरच दहा मिनिटं बोलायला उभं केलं. त्या दिवशी घरी आली ती उड्या मारतच.

आता मुख्य विषयाकडे येतो, कारण पालकांना वाटतं की कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग, एक्सेल आणि इंटरनेट. ते सगळं तालुक्याच्या ठिकाणच्या कोणत्याही क्लासमध्ये तीन महिन्यांत शिकता येतं. पदवीत शिकवतात ते वेगळं. आधी प्रोग्रामिंग, बहुधा सी भाषेपासून सुरुवात, मग जावा किंवा पायथॉन. त्याच्याबरोबर डेटा स्ट्रक्चर, म्हणजे माहिती कशी रचून ठेवायची. मग डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. आणि या सगळ्याच्या तळाशी गणित आणि संख्याशास्त्र.

रचून ठेवण्यात इतकं काय आहे, असं दुलाभाईंनी विचारलं तेव्हा भाचीने त्यांच्याच दुकानातलं उदाहरण दिलं. उधारीच्या वहीत हजार नावं आहेत आणि ती आली तशी लिहिलेली आहेत. एक नाव शोधायला वाईटात वाईट हजार नावं वाचावी लागतील. तीच नावं अकारविल्हे लावली असतील तर वही मधोमध उघडायची, नाव पुढे आहे की मागे ते बघायचं, उरलेल्या निम्म्यात पुन्हा मधोमध. असं केलं तर हजार नावांत जास्तीत जास्त दहा वेळा बघून नाव सापडतं. नावं दहा लाख झाली तरी वीसच वेळा. दुलाभाई थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दहा लाख उधारीवाले झाले तर दुकान ऱ्हाईल व्हय?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी वही आणून नावं अकारविल्हे लावायला घेतली.

या विषयाचं वय फार नाही, हे लक्षात ठेवलं म्हणजे नियम सारखे का बदलतात ते कळतं. आपलं शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालं. त्याच वर्षी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात त्या देशातला पहिला कॉम्प्युटर सायन्स विभाग सुरू झाला. म्हणजे कोल्हापूरच्या विद्यापीठाचं आणि या विषयाच्या स्वतंत्र विभागाचं वय सारखंच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'टिफ्रॅक' नावाचं स्वदेशी यंत्र त्याआधीच, १९६० मध्ये, चालू केलं होतं. पदवीला काय काय शिकवावं याचा पहिला मोठा आराखडा अमेरिकेतल्या एसीएम या संघटनेने १९६८ मध्ये काढला आणि तेव्हापासून तो काही वर्षांनी नव्याने निघत आला आहे. आमच्या भागात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एन्टायर) म्हणून जो अभ्यासक्रम आला त्याला अजूनही सगळे 'बीसीएस' म्हणतात. त्यात पहिल्या वर्षांत कॉम्प्युटरच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक्स, गणित आणि संख्याशास्त्र असायचं आणि शेवटच्या वर्षी सगळा भर कॉम्प्युटरवर. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची कित्येक मुलं हे बीसीएस करून पुण्याच्या कंपन्यांत गेली.

आता प्रवेशाच्या वेळची गोष्ट सांगतो, कारण खरं नुकसान तिथेच होतं.

बारावीनंतर कॉम्प्युटरकडे जायच्या तीन मुख्य वाटा आहेत. पहिली बी.टेक. त्याला बारावी विज्ञान, सीईटी, चार वर्षं आणि खर्चही मोठा. दुसरी बीसीए. तिसरी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. पहिली परीक्षा मे २०२४ मध्ये झाली. खेड्यापाड्यांत ही बातमी पोचलीच नाही. इतक्या जागा रिकाम्या राहायची वेळ आली की ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. आमच्या भाचीला खरं तर बीसीए करायचं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं, "बारावीचे मार्क चालतात, निकालानंतर या." निकालानंतर गेलो तेव्हा पहिली सीईटी होऊन गेली होती. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही माहीत नव्हतं. पण मुलगी दोन दिवस जेवली नाही. मग बी.एस्सी.ची वाट धरली.

आता मागे वळून बघताना मला ती वाट चुकली असं वाटत नाही. पदवीनंतर एमसीए करायचं असेल तर बीसीए असो की बी.एस्सी., दोन्हींतून जाता येतं. प्रश्न येतो तो गणिताचा. दुसऱ्या शाखेचा पदवीधर असला तर त्याने बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेलं असलेलं बरं. म्हणून अकरावीला विज्ञान घेताना "गणित सोड, जीवशास्त्र ठेव, सोपं जाईल" असं जे सांगतात त्यांचं ऐकण्याआधी मुलीला विचारा. आपल्याकडे मुलीचं गणित सोडवण्याची भारी हौस. हायस्कुलात मी किती पालकांशी यावरून भांडलो असेन, त्याची मोजदाद नाही. एक दार बंद केलं की त्याच्या मागची चार दारं आपोआप बंद होतात, आणि मुलीला ते एकविसाव्या वर्षी कळतं.

फीबद्दल थोडं. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, त्यानुसार ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात मोडतात, त्यांना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. आपल्यातल्या कित्येक बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत, पण घरात जातीचा दाखला नसतो, कारण काढायची वेळच आली नाही. जे ओबीसीत नाहीत ते उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटींत बसत असतील तर ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतात. तुम्ही घेत असलेला अभ्यासक्रम या सवलतीच्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी कॉलेजात विचारा, आणि तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. याशिवाय अल्पसंख्याकांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरता येते, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शिक्षणासाठी कर्ज देतं. दाखल्यांसाठी तहसील कार्यालयात जूनमध्ये रांग लागते. डिसेंबरमध्ये तिथे कोणी नसतं. शहाणा माणूस डिसेंबरमध्ये जातो.

एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, ती माहीत असतेच. दुलाभाईंनी सगळा खर्च एका पानावर मांडला तेव्हा जेवणाचा आणि मोबाईलच्या रिचार्जचा आकडा पासापेक्षा मोठा निघाला.

दुसऱ्या सत्राच्या वेळी एक वेगळीच भानगड निघाली. प्रत्येक विद्यार्थ्याचे क्रेडिट आता एका राष्ट्रीय खात्यात जमा होतात. त्याला अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणतात, २०२१ मध्ये ती सुरू झाली, आणि डिजिलॉकरमधून बारा अंकी क्रमांक मिळतो. भाचीच्या खात्यात पहिल्या सत्राचे क्रेडिट दिसेनात. शोध घेतला तर कारण नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम. आधारवर वडिलांचं नावच नाही. आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी शेवटी 'एच' आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. ज्यांनी आधार काढलं त्यांनी ऐकू आलं तसं टाइप केलेलं. एका ऑफिसात विचारलं तर, "होईल नंतर" असं उत्तर. शेवटी शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन आधार केंद्रात दोन चकरा मारल्या, तेव्हा नाव एक झालं.

आपल्या घरांत हा घोळ नेहमीचा आहे. नाव अरबी, लिहिणारा मराठी, टाइप करणारा इंग्रजीत. एकाच मुलीचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे. पूर्वी कारकून ओळखीचा असायचा, तो सांभाळून घ्यायचा. आता पलीकडे यंत्र आहे आणि त्याला एका 'एच'चाही फरक चालत नाही. दहावीचा अर्ज भरतानाच सगळे कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

या बँकेची खरी ओळख आम्हाला त्यानंतर झाली, आणि ती एका स्थळामुळे.

पहिलं वर्ष संपता संपता निपाणीकडून भाचीसाठी स्थळ आलं. घर चांगलं, मुलगा पुण्याला नोकरीला. त्यांचं म्हणणं असं, की निकाह या हिवाळ्यात उरकू, शिक्षण काय नंतरही होतं. बैठकीत कुणीतरी म्हणालंही, की आता नवा नियम आहे, मध्येच सोडलं तरी वाया जात नाही. ते खोटं नव्हतं. एक वर्ष पूर्ण करून चव्वेचाळीस क्रेडिट मिळवले आणि वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षांनी पडलं तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. बाहेर पडलेला तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. खात्यातले क्रेडिटही जास्तीत जास्त सात वर्षंच चालतात.

हे सगळं मी बैठकीत समजावून सांगितलं. नाना ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे ही बँक बिनव्याजाची. आपल्याला चालण्यासारखी." सगळे हसले. बहीण मात्र हसली नाही. ती आत गेली, ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यात तिच्या बी.कॉम.च्या दोन गुणपत्रिका होत्या, १९९९ च्या आणि २००० च्या. दुसऱ्या वर्षानंतर तिचा निकाह झाला होता. स्थळ मीच आणलं होतं आणि, "शिक्षण काय नंतरही होतं," हे वाक्यही माझंच होतं. त्यानंतर सासू आजारी पडली, भाचीचा जन्म झाला, दुकान वाढलं. तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. मध्ये एकदा चौकशी केली तेव्हा अभ्यासक्रम बदललेला होता.

बहीण एवढंच म्हणाली, "भाईजान, नियमात परत यायला तीन वर्षं आहेत. घरातनं परत यायला कोण देतंय?"

मला उत्तर सुचलं नाही. दुलाभाईंनी निपाणीवाल्यांना कळवलं, की पदवीपर्यंत थांबत असाल तर बोलू. ते थांबले नाहीत. दुलाभाईंना काही दिवस लोकांनी बोलून घेतलं, मशिदीच्या पायऱ्यांवरही विषय झाला. ते तसे पुढारलेले वगैरे नाहीत. पण हिशेब त्यांना कळतो, आणि निम्म्यावर सोडलेला माल पडून सडतो हे त्यांनी बघितलेलं आहे.

मला त्या रात्री आमच्या चुलत्यांची आठवण आली. आजरा संस्थानी काळात इचलकरंजी जहागिरीत होतं. चुलते कोल्हापूरला मुस्लीम बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी करून स्वतः तिचं अध्यक्षपद घेतलं आणि आपल्या मुलांना शहरात राहून शिकायला जागा मिळाली. घरातून बाहेर पडलेला तो पहिला मुलगा. मुलींची पाळी यायला आणखी तीन पिढ्या गेल्या.

दुसरं वर्षही पार पडलं. डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात भाची एकदा अडकली. पेपर राहिला की त्याचे क्रेडिट मिळत नाहीत, वर्गात कितीही तास बसलात तरी. पुन्हा परीक्षा दिली आणि सुटली. त्या वेळी घरात जे वातावरण होतं ते बघून मला वाटलं, एक पेपर राहणं म्हणजे काय, हे आधी पालकांना शिकवायला हवं. "स्थळ सोडलं ते यासाठी का?" असं कुणीतरी तिला ऐकवलंच. ती बिचारी पहाटे चारला उठून अभ्यास करायची आणि सात वाजता एसटी पकडायची. कोणाला काही म्हणाली नाही.

आता खात्यात अठ्ठ्याऐंशी क्रेडिट आहेत आणि तिसरं वर्ष समोर आहे. त्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण येतं, चार क्रेडिटचं. तासांत मोजलं तर एकशे वीस. वर्गातल्या पाच-सहा मुली कोल्हापुरात खोली घेऊन एखाद्या कंपनीत ते करणार आहेत. दुलाभाईंचा चेहरा ते ऐकल्यापासून उतरलेला. कोल्हापूर आमच्यापासून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, रोज जाऊन येणं जमणारं नाही. मुलीला एकटीला ठेवायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. मुलीचं म्हणणंही खोटं नाही. शहरातल्या कंपनीत महिनाभर बसलं तर जे दिसतं ते आजऱ्यात दिसणार नाही, असं ती म्हणते.

मी मध्यस्थी करायला गेलो आणि एक पर्याय सुचवला. आमच्या तालुक्यात काजूप्रक्रियेचे लहान-लहान कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, घनसाळ तांदूळ विकणारे शेतकरी गट आहेत. २०१६ मध्ये आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून कोणाचा तांदूळ कोणत्या शेतातून आला याची नोंद ठेवायला महत्त्व आलं आहे. या नोंदी अजून वह्यांत आहेत. एकशे वीस तासांत त्याचा एक छोटा डेटाबेस उभा करणं हे चांगलं काम आहे. कॉलेजने जागा मान्य केली पाहिजे आणि तिथे देखरेख करणारा माणूस हवा, एवढी अट.

भाचीने ऐकून घेतलं. म्हणाली, "मामू, तुमचा पर्याय चांगला आहे. पण तो तुम्ही मला कोल्हापूरला जावं लागू नये म्हणून काढलाय, तांदळासाठी नाही."

खरं होतं ते. बहीण पलीकडे भाजी निवडत होती. तिने वर बघितलंही नाही. म्हणाली, "कोल्हापूरला माझी मावससासू आहे, शाहूपुरीत. मी विचारते तिला. महिना आहे, मीपण जाऊन राहीन हिच्याबरोबर."

"आणि दुकान?" दुलाभाई म्हणाले.

"दुकान तुम्ही बघा. वही अकारविल्हे लावलीय न्हवं?"

तिसऱ्या वर्षाचा अर्ज परवा भरला. नावाचं स्पेलिंग भाचीने स्वतः तीन वेळा तपासलं. प्रशिक्षणाच्या जागेचा रकाना अजून कोरा आहे. कॉलेजने त्यासाठी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.